दंड भरण्याआधी: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापात एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आपल्या टेबलापर्यंत पोचणं कठीण, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे.

गेल्या मंगळवारी आमच्या फाटकाला पालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली. पाणी वाया घालवल्याबद्दल 500 रुपये दंड. सात दिवसांत न भरल्यास नळजोडणी तोडण्यात येईल. चूक माझीच, ती मी नाकारत नाही. आठव्या दिवशी पाणी सुटलं ते रात्री पावणेतीनला. मोटर लावली, टाकी भरण्याची वाट बघत खुर्चीत बसले आणि डोळा लागला. वीसेक मिनिटं टाकी वाहिली. सकाळी रस्ता ओला दिसला, कुणीतरी फोटो काढून नेला.

आमच्या घरापासून चाळीस पावलांवर जलकुंभ भरणाऱ्या मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह आहे. तो सात महिने गळतो आहे, रात्रंदिवस. नोटीस वाचली आणि बादली घेऊन मी तिथे गेले. 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली. मिनिटाला 18 लिटर, दिवसाला जवळजवळ 26 हजार. सात महिन्यांचे 54 लाख लिटर होतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होतं. तशा दहा गाड्या आमच्या कोपऱ्यावरून गटारात गेल्या. मी तीन लेखी तक्रारी दिल्या, पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. त्या व्हॉल्व्हची नोटीस कुणाच्या नावाने निघाली, एवढं मला कळवा.

दोन वर्षांपूर्वी आमची गल्ली खोदून घरोघरी मीटर बसवले. तेव्हा सांगितलं होतं की सहा महिन्यांत चोवीस तास पाणी येईल आणि जेवढं वापराल तेवढंच बिल येईल. मी शेजारणींना समजावत फिरले. बायका म्हणत होत्या, आठवड्याने पाणी येतं तेव्हा आधी पाइपातली हवा सुटते, मीटर हवेवरच गरगर फिरेल. त्यांचं खरं होतं. पण चोवीस तास पाणी म्हटल्यावर पाइप रिकामा होणारच नाही, म्हणून मी सगळ्यांच्या सह्या मिळवून दिल्या. आजपर्यंत एकदाही रीडिंग घ्यायला कुणी आलं नाही. मीटरची काच मातीने आंधळी झाली आहे. पाणीपट्टी वर्षाची ठोक. आम्ही दोघं म्हातारे जेवढी भरतो तेवढीच मागच्या गल्लीतला हिरवळ भिजवणारा बंगलाही भरतो. मग त्याने बचत का करावी? आणि मी तरी कशासाठी?

आठवड्याने पाणी दिलं की बचत होते, ही समजूत आधी सोडा. होतं ते उलट. पाणी सुटलं की घरोघरी पहिलं काम म्हणजे पिंपातलं, हौदातलं शिळं पाणी ओतून देणं. पुढचं कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून जो तो लागतं त्याच्या दुप्पट भरून ठेवतो. कित्येक तोट्या उघड्याच असतात, कारण पाणी आल्याचं आवाजावरूनच कळतं. रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जातं, त्याची जुलाब-कावीळ वेगळी. माणसांना पाण्याचा भरवसा द्या, मग ती साठा करणार नाहीत, आणि मोजून पैसे घ्या, मग सांडणारही नाहीत. कराडजवळच्या मलकापूरने दीड दशकापूर्वी हेच केलं. घरोघरी मीटर, चोवीस तास पाणी, कमी वापराला कमी दर आणि जास्त वापराला चढा. एवढंसं गाव ते, त्याला जमलं.

नियम तर तुमच्याच दप्तरात पडून आहेत. केंद्राच्या नगरविकास खात्याने 2008 मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले: माणशी रोज 135 लिटर पाणी, शंभर टक्के मीटर, हिशेबाबाहेरचं, म्हणजे गळतीत-चोरीत जाणारं, बिल न होणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत. आमच्या गल्लीतून वाहून जाणाऱ्या पाण्यात या मापाने 190 माणसं रोज भागली असती. मुलांनी पाढे पाठ केले नाहीत तर मी त्यांना वर्गात उभं करायचे. इथे उभं कुणाला करायचं?

आता माझं सांगते. एकोणीस वर्षं मी पाण्याच्या वाराला सलग झोपलेले नाही. दोन वर्षांपूर्वी यांचा पाय गच्चीच्या शिडीवरून घसरला, रात्री दोनला, टाकी बघायला चढताना. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मीच चढते, 64 व्या वर्षी. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत. तारीख मे महिन्यातली होती. विहीणबाईंनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येतं हो?" त्यांनी काही वाईट हेतूने विचारलं नव्हतं. मुलगी सासरीच बाळंत झाली. नातवाची पहिली अंघोळ मी पाहिली नाही. या 500 रुपयांच्या समोर हे कुठल्या रकान्यात मांडू?

आणि उपाय विचारला की तुमच्याकडे उत्तर एकच, नवी योजना. आणखी लांबचं धरण, आणखी जाड पाइप, आणखी हजार कोटी. नवी वाहिनी जुन्या फुटक्या वाहिन्यांनाच जोडली तर पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्हचं गॅस्केट बदलायला किती लागतात? पण गॅस्केटचं भूमिपूजन होत नाही, त्यावर कुणाच्या नावाची कोनशिला बसत नाही. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तेवढं स्वच्छ पाणी माणसांसाठी उरतं. आमच्याकडे कारखान्यांना, बांधकामांना, वॉशिंग सेंटरला पिण्याचंच पाणी जातं आणि उपदेश मात्र हंडा भरणाऱ्या बाईला. भिंतीभिंतीवर 'पाणी जपून वापरा' रंगवलं आहे. आम्ही भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालतो, कपड्यांचं संडासात. आणखी कुठून जपू?

दर वाढवायचा तर वाढवा, मी विरोध करणार नाही. पण आधी माझं मीटर वाचा, गरजेपुरत्या पाण्याचा दर गरिबाला परवडेल असा ठेवा आणि त्यापुढच्या पाण्याला दणकून घ्या. शहरात रोज किती पाणी आलं, किती घरांत पोचलं, किती हरवलं, हे प्रत्येक प्रभागात फळ्यावर लिहा. आणि ज्या दिवशी गळतीची तक्रार येते, त्या दिवसापासून तिचा दंड जबाबदार अधिकाऱ्याच्या नावावर चढू द्या, जसा माझ्या नावावर चढला.

दंड मी अजून भरलेला नाही. मुदत सोमवारी संपते. व्हॉल्व्ह त्याआधी दुरुस्त झाला, तर त्याच दुपारी 500 रुपये भरून पावती घेईन. नाही झाला तर जोडणी तोडायला माणसं पाठवा. मी त्यांना आधी कोपऱ्यावर नेऊन बादली भरून दाखवणार आहे.

आज आमचा पाण्याचा वार आहे. व्हॉल्व्हमनने अडीचची वेळ सांगितली आहे. मी जागी आहे.

आपली,
एक नळधारक