माझी साखर पर्यवेक्षकांच्या टेबलावर होती : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये ग्लुकोज, ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन स्वतःजवळ ठेवण्याची लेखी परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय भूगोल. मूळची दिंडोरी तालुक्यातली, गंगापूर रोडला कॉट बेसिसवर राहते. सातवीत असल्यापासून मला टाइप १ मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. वर विषयात जे लिहिलंय ते एका परिपत्रकात यावं आणि ते परिपत्रक प्रत्येक परीक्षा केंद्रातल्या प्रत्येक हॉलपर्यंत पोचावं. असं परिपत्रक आधीच निघालेलं असेल, तर ते माझ्या हॉलमध्ये पोचलेलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात माझ्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत हातात आली. शुल्क भरून मागवली होती, कारण या पेपरात मी नापास झाले. पहिली आठ पानं माझ्या अक्षरातली आहेत. नवव्या पानावर ओळी उजवीकडे खाली घसरायला लागतात. दहाव्या पानावर ‘सह्याद्रीच्या पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द एकाखाली एक तीनदा लिहिलेत, आणि तिसऱ्यांदा ‘प्रदेश’चा ‘श’ अर्धाच आहे. त्यापुढे पेनाची एक लांब रेघ. मग कोरी पानं. तपासणाऱ्यांनी त्या रेघेवर लाल शाईने फुली मारली आहे. त्यांची चूक नाही. ती रेघ कशी उमटली, हे त्यांना कुठून कळणार?

त्या दिवशी केंद्र नाशिकरोडला आलं होतं आणि पेपर दहाचा. आमची मेस साडेदहाला उघडते, म्हणून सकाळी गाडीवरचे पोहे खाल्ले, त्या हिशेबाने इन्सुलिन घेतलं आणि बस धरली. सिंहस्थाची कामं चालू आहेत, द्वारका चौकात बस हललीच नाही. शेवटी उतरून पळत सुटले, पुढे रिक्षा मिळाली. पळालं की साखर झपाट्याने खाली येते. हे मला ठाऊक आहे, म्हणूनच माझ्याकडे कायम एक निळं चेनचं पाकीट असतं. त्यात ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, इन्सुलिनचं पेन, ग्लुकोज पावडरची पुडी आणि चार गोळ्या. चिमणीच्या पिल्लाएवढं वजन असेल त्याचं.

हॉलच्या दारात पर्यवेक्षक म्हणाले, “हे सगळं पुढे टेबलावर ठेव. आत फक्त पेन, हॉलतिकीट आणि आयकार्ड.” मी डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, हे कबूल करते. मग म्हणाले, “शिक्का आहे, सही आहे, पण नियमात हे कुठे लिहिलंय ते दाखव.” माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. उशीर झाला होता, म्हणून पाकीट ठेवून जागेवर बसले.

पहिला तासभर ठीक गेला. मग तळहात ओले व्हायला लागले, हॉलतिकीट मनगटाला चिकटायला लागलं. साखर कमी झाली की आधी घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि मग डोकं काम करेनासं होतं, कारण मेंदू चालतो तो साखरेवरच. हा शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. मदत मागण्यासाठी जे डोकं लागतं, तेच आधी बंद पडतं. समोर बारा-तेरा फुटांवर टेबलावर माझं निळं पाकीट दिसत होतं, आणि ते कशासाठी आहे हेच मला आठवेना. मी हात वर केला असावा, कारण सर जवळ आल्याचं आठवतं. “अभ्यास केला नाही की असंच होतं, शांत बस,” हे शब्दही आठवतात.

मला वाचवलं ते पाणी द्यायला आलेल्या सेविका मावशींनी. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, “अहो सर, पोरीची शुगर लो झालीय, आमच्या यांचं असंच होतं.” परवानगी मागत न बसता त्या धावत गेल्या, स्टाफच्या चहासाठी ठेवलेली साखर कागदात घेऊन आल्या आणि चिमटीने माझ्या तोंडात भरवली. नंतर मशीनवर मोजली तेव्हा ५१ निघाली, आणि तीही साखर खाल्ल्यावर. ७० च्या खाली म्हणजे कमी आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. भानावर येऊन पेन नीट धरता येईपर्यंत वेळ संपत आली होती. वाढीव वेळ मागितला. “तशी तरतूद नाही.” निकालानंतर अर्ज केला, त्याचंही उत्तर तेच, तरतूद नाही.

मंत्रिमहोदय, ही तरतूद काय आभाळातून पडायची आहे का? सीबीएसईने २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखी फळं, सँडविच आणि छोटी पाण्याची बाटली आणायला परवानगी दिली. तिथेही वस्तू पर्यवेक्षकांकडेच ठेवायच्या असतात, पण मुलाने मागितल्या की द्यायच्या, असं लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय म्हणून तिथल्या पर्यवेक्षकाला विचार करावा लागत नाही आणि मुलाला हात जोडावे लागत नाहीत. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना याच विषयावर पत्र लिहिलं. मग अठरा वर्षं पूर्ण झाली की आमचं स्वादुपिंड आपोआप इन्सुलिन तयार करायला लागतं, असं आपल्या खात्याला वाटतं का? शाळेतलं मूल म्हणून माझी काळजी होती. कॉलेजात आले आणि मी संशयित झाले.

गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनाला, एका कॉलेजात कार्यक्रम होता. हा दिवस इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, आणि आपल्याकडे बालदिनही. मी प्रश्न विचारायला उभी राहिले. व्यासपीठावरच्या एका पाहुण्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, “बेटा, पुढच्या परीक्षेआधी तुझं परिपत्रक निघेल, हा माझा शब्द.” टाळ्या पडल्या. माझ्यासोबत फोटो काढला, तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मी तो कापून वहीत ठेवला होता. पुढची परीक्षा झाली आणि मी नापासही झाले. त्या शब्दाचं काय झालं, हे विचारायला फोन केला तर “साहेब मीटिंगमध्ये आहेत.” सात वेळा केला.

आता एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही ऐका. आठ वर्षं, रोज चार सुया. हिशेब केला तर अकरा हजारांवर जातात, आणि बोटं टोचलेली वेगळीच. पन्नास स्ट्रिपची डबी हजाराच्या घरात जाते. दिवसाला चारदा तपासलं तर बारा दिवसांत संपते, म्हणून महिनाअखेरीस मी दोनदाच तपासते आणि उरलेलं अंदाजाने. सगळं धरून महिन्याला पाच हजार कुठेच जात नाहीत. वडिलांची दोन एकर द्राक्षं आहेत. ज्या वर्षी गारपीट झाली, त्या वर्षी मी दुपारचं इन्सुलिन वाचवायला दुपारचं जेवणच बंद केलं होतं. आईला हे आजही माहीत नाही. हे पत्र वाचून कळेल.

स्ट्रिपवरचा जीएसटी २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याबद्दल आभार. पण टॅक्स कमी करणं वेगळं आणि स्ट्रिप हातात मिळणं वेगळं. सरकारी दवाखान्यात इन्सुलिनची कुपी मिळते तेव्हा सिरिंज नसते, “बाहेरून घ्या.” ती कुपी एका मिलीला ४० युनिटची, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनातलं औषध १०० युनिटचं, त्या ताकदीच्या सिरिंजला नारिंगी टोपण. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. गावातल्या मेडिकलवाल्याने एकदा आईला “एकच आहे हो” म्हणून भलतीच सिरिंज दिली होती. मी घरी होते म्हणून दिसलं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. मोठी गोष्ट आहे, गावातल्या कितीतरी घरांना तिने तारलं. पण तो पैसा मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतो. म्हणजे इन्सुलिनचा डोस चुकला, रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं साचली, मी बेशुद्ध होऊन आयसीयूत गेले, तर सरकार माझ्यासोबत उभं आहे. तिथे जाऊ नये म्हणून जी स्ट्रिप लागते, ती मात्र माझी मीच बघायची.

आणि राहायचं कसं, तेही सांगते. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्या खोलीत सहा मुली, फ्रिज नाही. घरमालकीण काकूंनी त्यांच्या फ्रिजमध्ये जागा दिली, देव त्यांचं भलं करो. पण मागच्या एप्रिलमध्ये त्यांच्या सुनेने पसारा आवरताना माझा डबा फ्रीजरमध्ये सरकवला. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी होतं. तीन पेनं फेकली. त्यांना बोलायचं कोणत्या तोंडाने? नाशिक थंड हवेचं गाव, असं बाहेरचे लोक अजून म्हणतात, त्यांनी मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली येऊन बसावं. गावी लाइट गेली की आई डबा पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूच्या माठात ठेवते. विद्यापीठाच्या, कॉलेजच्या वसतिगृहात औषधांसाठी एक छोटा कुलपाचा फ्रिज ठेवायला किती खर्च येतो? स्वागताच्या एका कमानीएवढा तरी येतो का?

अपंगत्वाचा कायदा २०१६ चा. त्यात एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, आणि ते असायलाच हवेत. टाइप १ मधुमेह नाही. त्यामुळे तासाला वीस मिनिटं जास्तीचा जो वेळ त्या मुलांना मिळतो, तो मला नाही. मी मागते तेव्हा ऐकावं लागतं, “दिसायला तर चांगली धडधाकट आहेस.” आणि नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत हीच मी धडधाकट नसेन, अशी भीती माझ्या डोक्यातून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाताला लिहिताना गोळे येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही असं सांगितलं. म्हणजे न्यायालयाला कळलं की गरज आधी बघायची, टक्के मागून. हॉलमधल्या सरांपर्यंत हे पोचवायचं काम कुणाचं आहे? माझं नाही. मी विद्यार्थिनी आहे.

मला राग त्या सरांचा नाही. त्यांनी मला पाकीट दिलं असतं आणि त्याच वेळी भरारी पथक आलं असतं, तर त्यांच्यावर कारवाई झाली असती. आपल्याकडे सगळं असंच चाललंय. कागद नाही म्हणून भला माणूसही हात मागे घेतो, आणि आम्ही दर परीक्षेला, दर केंद्रावर, दर नव्या सरांसमोर तीच फाइल उघडून तेच गाऱ्हाणं गातो. समजून घेणारे भेटले तर पास, नाही भेटले तर केटी, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. माझा जीव सेविका मावशींच्या घरातल्या मधुमेहावर अवलंबून होता. त्यांचे यजमान निरोगी असते तर? इन्सुलिनचं पेटंट शोधकर्त्यांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं, सगळ्यांना मिळावं म्हणून. शंभर वर्षं उलटून गेली. आणि ज्या नाशकात महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याच नाशकात परीक्षेच्या हॉलमध्ये मला साखर मिळाली ती चहाच्या डब्यातून.

माझ्यासारख्या किती जणी आहेत, हे आपल्या खात्याने मोजावं. मोजायला गेलात तर पुढे येतील याची खात्री मात्र नाही, विशेषतः मुली. कारण घरोघर एकच सांगणं असतं, “कुणाला सांगू नकोस, लग्नाचं बघायचंय.” माझ्या रूमवरच्या एका मुलीला मी दोन वर्षं ओळखत होते, तीही बाथरूममध्ये जाऊन टोचून घेते हे मागच्या दिवाळीत कळलं. ती परीक्षेला गोळ्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून नेते. पकडली गेली तर कॉपी केस होईल या भीतीने तिची साखर आणखी वर जाते. माझ्या वडिलांनीही हे पत्र वाचून एवढंच म्हटलं, “लिही, पण नाव नको.” त्यांचा शब्द मी मोडणार नाही, म्हणून खाली नाव नाही. आपल्या कार्यालयातून विचारणा झाली तर मी समोर येईन, छायाप्रत घेऊन येईन, दहावं पान दाखवीन.

याच पेपराची पुनर्परीक्षा पुढच्या सत्रात आहे. मी निळं पाकीट घेऊन दाराशी उभी असेन. तेव्हा सर पुन्हा विचारतील, नियमात कुठे लिहिलंय ते दाखव.

आपली,
टी.वाय.बी.ए.ची एक विद्यार्थिनी,
नाशिक