चिमे, टोकन पाठवू नकोस

रामनगर, नागपूर
१२ जून

प्रिय चिमे,

नागपुरात शिकायला येताना 'सेफ आणि शांत' खोली म्हणून एजंटने दाखवलेली जागा पक्की करतेस, हा तुझा मेसेज काल रात्री वाचला. लगेच फोन लावणार होते, पण फोनवर मी अर्धं विसरेन आणि उरलेलं अर्धं चिडून बोलेन, म्हणून आज सकाळी डिपार्टमेंटला जायच्या आधी लिहायला बसले. पहिलं हे की, तुझ्या बाबांना सांग, त्या एजंटला टोकन म्हणून आगाऊ पैसे पाठवू नका. निदान मी ती जागा डोळ्यांनी पाहून येईपर्यंत तरी नाही.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. पलंग, टेबल, खिडकी सगळं चांगलं दिसतंय. पण मागच्या भिंतीचा खालचा भाग पाहा. साधारण कमरेच्या उंचीपर्यंत रंग नवा आहे, वर जुना. खोली तळमजल्यावर आहे आणि पत्ता अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाचा, नाग नदीजवळचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुला बातम्यांमधून आठवत असेल. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहू लागला आणि नदीकाठच्या ले-आउटांमधली माणसं झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं. मी मागच्या वर्षी त्याच भागात एक खोली पाहायला गेले होते. बाहेर भाजी विकणाऱ्या मावशींना सहज विचारलं, तर त्यांनी गेटच्या खांबावर हात ठेवून दाखवला. म्हणाल्या, "पोरी, इथलोक आलतं पाणी. फ्रिज तरंगून राहिले होते." एजंट शेजारीच उभा होता, तो यातलं एक अक्षर बोलला नव्हता. तिथलं पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचं घर असेल तर मी विचार करेन. तळमजला नको, चिमे. तुझी दोन वर्षांची वही-पुस्तकं, लॅपटॉप सगळं जमिनीपासून दोन फुटांवर असणार आहे.

आता माझ्या आधीच्या दोन खोल्यांचं सांगते. तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, पण दुसऱ्या खोलीचं मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

पहिली गोकुळपेठेतली पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची खोली. बाजार पायाशी, रात्री दहालासुद्धा रस्त्यावर बायामाणसं, ऑटो लगेच मिळायचा. भीती म्हणून कधी वाटली नाही. पण तिघी एका खोलीत, त्यातल्या दोघी स्पर्धा परीक्षावाल्या, मोठ्याने पाठ करणाऱ्या. खाली दुकानांची शटरं, वर पाण्याची मोटर. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की स्वतःचा विचारही ऐकू येत नव्हता. गेट नऊला बंद व्हायचं आणि माझं लॅबमधलं काम कितीदा तरी त्यानंतर संपायचं. सेमिस्टरचे मार्क उतरले तेव्हा मी ठरवलं, काहीही होवो, शांत जागा पाहिजे.

आणि मग शांत जागा मिळाली. युनिव्हर्सिटी कॅम्पसपासून पायी पंधरा मिनिटं, गल्लीचं शेवटचं घर, एका बाजूला रिकामा प्लॉट, दुसऱ्या बाजूला कुलूपबंद बंगला. मी ती दुपारी तीनला पाहिली. कडुनिंबाची सावली खिडकीत होती. इतकी शांतता की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मालक बाहेरगावी राहायचे, घराची देखरेख त्यांचा एक माणूस करायचा. कागद काही केला नाही, "आपल्याच भागातली मुलगी आहे, कागद कशाला" म्हणाले, आणि मला ते बोलणं आपुलकीचं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की गल्लीतले तीनपैकी दोन दिवे लागतच नाहीत. संध्याकाळी सात वाजल्यानंतर चौकापासून घरापर्यंत एक माणूस भेटत नव्हतं. रिकाम्या प्लॉटवर रात्री मोटारसायकली लावून काही पोरं बसायची. त्यांनी मला कधी काही केलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते, पण मी जवळ आले की त्यांचं बोलणं थांबायचं, आणि ते थांबणं मला दारापर्यंत ऐकू येत राहायचं. एकदा लॅबमधून लवकर परतले, तर दाराला कुलूप तसंच, आत टेबलावरची पुस्तकं सरकवलेली. देखरेखवाल्याकडे दुसरी किल्ली होती. मीटर पाहायला आलो होतो म्हणाला. मीटर जिन्याखाली आहे, चिमे, खोलीत नाही. त्या रात्रीपासून मी दाराला पलंग लावून झोपत होते. शांतता एवढी की पाल सरकली तरी जाग यायची. शांत खोली घेतली अभ्यासासाठी आणि तिथे मला एक पान सलग वाचता आलं नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण 'सेफ आणि शांत' हे दोन शब्द एका दमात बोलतो, पण ओसाड जागेची शांतता वेगळी आणि वस्तीची वेगळी. वस्तीत आवाज असतातच. कुणाच्या कुकरची शिट्टी होते, कुणी अंगणात सडा टाकतं, पलीकडच्या आजी नातवाला हाक मारतात. त्या आवाजांत मी तासन् तास वाचू शकते, कारण मला काही झालं तर ती माणसं बाहेर येणार हे माझ्या अंगाला माहीत असतं.

आत्ताची ही रामनगरची खोली अशीच आहे. खाली मालक काका-काकू, दोघं रिटायर्ड, वर मी आणि एक फार्मसीची मुलगी. वेगळा जिना, पण तो काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातो. रवीनगर चौकातून कॅम्पसपर्यंत सायकलने मला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि सगळा रस्ता उजेडाचा. रामनवमीच्या शोभायात्रेच्या दिवशी इथे पुस्तक उघडायचं नावच नको, पण तो एक दिवस. कुलूप मी राहायला आले त्या दिवशी माझं स्वतःचं लावलं आणि काकूंना सांगून लावलं. त्या म्हणाल्या, बरं केलंस.

ही खोली मी घेण्याआधी तीनदा पाहिली. एकदा सकाळी, एकदा रात्री साडेनऊला आणि एकदा रविवारी, कारण जवळपास लॉन किंवा मंगल कार्यालय असेल तर ते सुट्टीच्याच दिवशी कळतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही हा नियम २००० सालापासून आहे, पण रोज रात्री ११२ ला फोन करत बसणार का आपण? त्यापेक्षा आधीच बघून घ्यावं. अमरावती रोडला लागून असलेल्या खोल्याही मी सोडल्या. ट्रक रात्रभर चालतात. आणि जाहिरातीत 'मेट्रोजवळ' लिहिलेलं वाचून भुलू नकोस. ॲक्वा लाइन शंकरनगर, एलएडी चौकावरून जाते, आपल्या कॅम्पसच्या दाराशी येत नाही.

गच्चीखालची खोली स्वस्त मिळेल. घेऊ नकोस. नुकताच नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला, त्या दिवसांत वरच्या स्लॅबखाली रात्री दोनलासुद्धा गादी तापलेली असते. कूलर कुठल्या खिडकीला लागेल, त्यात पाणी कुठून भरायचं, आणि बिल स्वतंत्र मीटरचं की मालक सांगेल त्या दराने, हे आधी विचार. माझ्या मैत्रिणीला मे महिन्यात भाड्याच्या अर्धं बिल लावलं होतं.

आता कागदाचं, कारण यात माझं नुकसान झालं. ती दुसरी जागा सोडताना डिपॉझिट द्यायला मालक टाळाटाळ करू लागले, म्हणे तीन महिन्यांची नोटीस ठरली होती. असं काही ठरलं नव्हतं. लॉ कॉलेजमधल्या एका सिनियरने मला सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो केला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मी हे शांतपणे फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अर्धे पैसे आले. उरलेल्यांसाठी भांडायला अंगात बळ नव्हतं, आणि ते मला अजून खुपतं. इथे मात्र ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. काकांनी पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्मही स्वतःच भरून दिला. जो मालक या दोन्ही गोष्टींना कंटाळा करतो, त्याच्याकडे तू राहू नयेस असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या बाबांना वाटतंय की आधीच खोली पक्की केली म्हणजे काळजी मिटली. त्यांची काळजी मला समजते, माझ्या बाबांनीही तेच केलं होतं. त्यांना सांग की तू आठ दिवस माझ्याकडे राहणार आहेस. काकूंना मी विचारलंय, त्यांची हरकत नाही, फक्त तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आहे. आपण सायकलवर फिरू, भरतनगर, रवीनगर, हिलरोड, गल्ली-गल्ली. एजंटपेक्षा किराणा दुकानवाल्यांना जास्त माहीत असतं, आणि 'रूम देणे आहे'च्या पाट्या गेटवरच टांगलेल्या असतात. या गल्लीत पलीकडच्या घरातली मुलगी जुलैत सोडतेय असं काकू म्हणाल्या. मी आज संध्याकाळी विचारून येते.

वणीहून सकाळच्या एसटीने निघ, म्हणजे दुपारपर्यंत गणेशपेठला पोचशील. मी स्टँडवर असेन. येताना माझ्या आईकडून तिखटाची बरणी आणि माझं पितळी कुलूप आण, ते तुझ्या दाराला लावू.

तुझीच,
मनी