संशोधन अनुदान हुकते ते कार्यालयात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेचे, मूल्यांकन जवळ आले की ‘आपल्या महाविद्यालयांना संशोधन प्रकल्प का मिळत नाहीत’ यावर चर्चा सुरू होते आणि बोट प्राध्यापकांच्या कुवतीकडे वळते. प्रस्ताव लिहिणे, तपासणे आणि मंजूर प्रकल्पांचे हिशेब पुरे करणे हे आमच्या रोजच्या कामातले आहे. त्या आधारावर आम्ही ठामपणे सांगतो की कितीतरी प्रस्ताव विषयतज्ज्ञांच्या हाती पोहोचण्याआधीच कागदपत्रांत आणि अंदाजपत्रकात अडकलेले असतात.

तालुक्याच्या कॉलेजातल्या अध्यापकासाठी पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा लघु संशोधन प्रकल्प ही पहिली पायरी होती. बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्याची मर्यादा विज्ञानासाठी ५ लाख आणि मानव्यविद्यांसाठी ३ लाख रुपये होती. ती योजना २०१७ मध्ये संपली आणि ही पायरीही गेली. २०२२ मध्ये यूजीसीने सेवेतील अध्यापकांसाठी दोन वर्षांना १० लाखांचे अनुदान जाहीर केले, पण जागा देशभर मिळून २००. विज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘सर्ब’ मंडळाचे काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे, म्हणजे एएनआरएफकडे गेले आहे. तिथे स्पर्धा थेट आयआयटी आणि आयसर यांसारख्या केंद्रीय संस्थांशी असते. अशा वेळी कागदाच्या चुकीने प्रस्ताव बाद होणे परवडणारे नाही.

पहिली अडचण संस्थेच्या नोंदणीची. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये शिक्षण संस्था चालवतात. केंद्राचे अनुदान हवे तर अशा संस्थेला नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलचा क्रमांक लागतो. तो संस्थेच्या नावाने व पॅनवर मिळतो आणि त्यासाठी पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधारही जोडावे लागतात. संस्थेत निवडणूक होऊन नवे पदाधिकारी येतात, धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज प्रलंबित राहतो आणि पोर्टलवर जुनीच नावे दिसत राहतात. बँक खाते कॉलेजच्या नावाने, पॅन संस्थेचा आणि दर्पणवर तिसरेच स्पेलिंग, असा घोळ शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. यूजीसीच्या योजनांसाठी यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी) खालील मान्यतेची पत्रेही लागतात. ही सारी कागदपत्रे प्राचार्यांच्या सहीच्या शिफारसपत्राच्या नमुन्यासह एका फोल्डरमध्ये वर्षभर तयार हवीत. अध्यापकाने ती दर वेळी नव्याने गोळा करायची, ही आजची रीत चुकीची आहे.

अंदाजपत्रकातल्या चुका तर ठरलेल्याच आहेत. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर लागणारा जीएसटीचा ५ टक्के सवलतीचा दर १८ जुलै २०२२ पासून गेला. बहुतेक उपकरणांवर आता १८ टक्के कर लागतो. तरीही जुने कोटेशन समोर ठेवून आकडे मांडले जातात. ८ लाखांच्या उपकरणावर ४० हजारांऐवजी १ लाख ४४ हजार कर पडतो, आणि वरचे १ लाख ४ हजार आणायचे कुठून, हा प्रश्न मंजुरीनंतर उभा राहतो. यूपीएस, उभारणी आणि हमीनंतरची देखभाल यांचाही त्यात पत्ता नसतो. कोटेशन ताजे हवे आणि त्यात कर, वाहतूक व उभारणी वेगवेगळी दाखवलेली हवी.

मनुष्यबळाचेही तसेच. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन विद्यार्थ्याचे) मानधन दरमहा ३७,००० आणि एसआरएफचे (वरिष्ठाचे) ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे ३०, २० किंवा १० टक्के. तालुक्याच्या गावी १० टक्के धरले तर पहिल्या दोन वर्षांचे ९,७६,८०० आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफच्या दराने ५,५४,४००, म्हणजे एका विद्यार्थ्यावर एकूण १५,३१,२०० रुपये. घरभाडे विसरले तर १,३९,२०० रुपये कमी पडतात. त्यासाठी लागणारी नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार आपल्या गावी येईल का, हेही आधीच पाहावे. तशी शक्यता नसेल तर योजनेच्या नियमात बसत असल्यास प्रोजेक्ट असोसिएटचे (प्रकल्प सहायकाचे) पद मागावे. रिकामे पद म्हणजे अखर्चित रक्कम, आणि पुढच्या हप्त्याच्या वेळी तिचेच स्पष्टीकरण मागितले जाते.

आता प्रस्तावाच्या गाभ्याकडे. ‘यवतमाळ जिल्ह्यातील भूजलातील फ्लोराइडचा अभ्यास’ हा विषय झाला. परीक्षकाला प्रश्न हवा असतो. केळापूर तालुक्यातील विहिरी आणि बोअरमध्ये खोलीनुसार फ्लोराइड वाढते का, आणि पावसाळ्यानंतर ते १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेखाली येते का, असे विचारले की पुढचे सारे आपोआप सुचते. ४० स्रोत, वर्षातून दोनदा, दोन वर्षे, म्हणजे १६० नमुने. त्यांतल्या १६ नमुन्यांची दुबार तपासणी. मोजणी आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने. नमुन्यांची संख्या ठरली की रसायने, बाटल्या, प्रवास आणि मनुष्यदिवस यांचा हिशेब तिथूनच निघतो, आणि परीक्षकाला अंदाजपत्रक पटते. तीन वर्षांत सात उद्दिष्टे मांडलेला प्रस्ताव मात्र बहुधा पडतो, कारण त्यातले एकही पूर्ण होईल असा विश्वास वाटत नाही. दोन-तीन पुरेत. दहा-बारा नमुन्यांची प्राथमिक निरीक्षणे जोडली तर प्रस्तावाचे वजन फार वाढते. ती काढायला लागणारे पन्नास हजार रुपयेच आपल्या कॉलेजांत कुणी देत नाही, ही आमची सर्वांत मोठी खंत आहे.

स्वतःची प्रयोगशाळा तोकडी असेल तर सर्बने सुरू केलेल्या ‘टेअर’ योजनेसारखा मार्ग चांगला. त्यात अध्यापक आपली नोकरी सांभाळून जवळच्या मोठ्या संस्थेत अर्धवेळ संशोधन करतो. वर्षाला ५ लाखांचे संशोधन अनुदान यजमान संस्था आणि स्वतःचे कॉलेज यांत निम्मे-निम्मे वाटले जाते. अशी जाहिरात निघण्याआधी सहा महिने यजमान शास्त्रज्ञाशी बोलणे झालेले असावे. शेवटच्या आठवड्यात ई-मेल करून संमतीपत्र मागणाऱ्याला नकारच येतो, आणि तो रास्तही असतो.

मंजुरीनंतरचे काम कुणी शिकवतच नाही. अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए नमुन्यातच लागते. भांडवली (उपकरणांवरचा) आणि आवर्ती (मानधन, रसायने यांवरचा) खर्च वेगळा दाखवावा लागतो. अनुदानावरचे व्याज कॉलेजचे नसून सरकारचे असते आणि ते परत भरावे लागते. प्रकल्पाचे पैसे कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात मिसळले की वर्षअखेर ते व्याज वेगळे काढता येत नाही, लेखापरीक्षक सही करत नाही, प्रमाणपत्र लांबते आणि पुढचा हप्ता थांबतो. संशोधन विद्यार्थ्याचे मानधन महिनोन्‌महिने रखडते ते बऱ्याचदा यामुळे. दिल्लीला दोष देण्याआधी आपल्या लेखा विभागात विचारावे.

ही कामे वर्गावर तास घेणाऱ्या अध्यापकाची नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये संशोधन मंडळाची तरतूद आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या या मंडळाने आपल्या कार्यक्षेत्रातील दर जिल्ह्यात एका महाविद्यालयात अनुदान साहाय्य कक्ष सुरू करावा. त्यात जीएफआर जाणणारा एक पूर्णवेळ लेखापाल आणि प्रस्ताव वाचून दुरुस्त्या सुचवणारा एक समन्वयक असावा. जिल्ह्यातील सर्व कॉलेजांची नोंदणीपत्रे वर्षातून दोनदा तपासणे आणि प्राथमिक निरीक्षणांसाठी पन्नास हजार ते एक लाखाचे बीजअनुदान पंधरा दिवसांत देणे, ही या कक्षाची जबाबदारी असावी. विद्यापीठांचे अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येते. अधिसभा सदस्यांनी या खर्चाची मागणी तिथे लेखी नोंदवावी, अशी आमची त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपले,
विज्ञान शाखेतील दोन अध्यापक, सातारा