आधी टायर ठरवा, लिफ्ट नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुळशी, ताम्हिणी, भोरच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी उंच केलेल्या, जाडजूड टायरच्या पिकअप हल्ली बऱ्याच दिसतात. हौसेला मोल नसते हे खरे, पण गाडीच्या हौसेला मोजमाप हवे. गॅरेजात जाऊन ‘दोन इंच लिफ्ट मारा’ (म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी दोन इंच उंच करा) म्हणायचे आणि मग चाकावर झालेल्या जागेत मावेल तो टायर शोधायचा, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो उलटा आहे.

पिकअपला मागे सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असतो आणि दगडावर सगळ्यात आधी टेकतो तो मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा. कमान (मागची पाट्यांची स्प्रिंग) कितीही उंच केली तरी चासी आणि हौदा तेवढा वर जातो. गोळा तसूभरही हलत नाही. तो उचलायचा तर टायरचा व्यासच वाढवावा लागतो, आणि त्या वाढीतलाही निम्माच भाग पदरात पडतो. टोयोटा हायलक्सवर येणारे २६५/६५ आर १७ हे माप घ्या. २६५ मिमी रुंदीचे ६५ टक्के म्हणजे १७२ मिमी ही टायरची भिंत. तिची दुप्पट आणि १७ इंची रिमचे ४३२ मिमी मिळून व्यास होतो ७७६ मिमी. २६५/७० आर १७ बसवला तर ८०३, म्हणजे गोळा १३ मिमी वर. २८५/७० आर १७ ला ८३१, गोळा २७ मिमी वर. लिफ्टचा खरा उपयोग मोठ्या टायरला जागा करणे आणि बंपर, फुटबोर्ड, चासी उंच करणे, एवढाच.

यातला ८०३ मिमीचा टायर बहुतेकांना पुरेसा असतो. व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर मुळात थोडा पुढेच दाखवत असल्याने तेवढी चूक पोटात जाते. ८३१ ला वाढ सात टक्के होते. काटा ८० वर असताना गाडी ८५ च्या पुढे असू शकते. अंतरही कमी नोंदले जाते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते. नोंदलेल्या किलोमीटरमध्ये सात टक्के मिळवून मगच हिशोब करावा. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, घाट चढताना इंजिन रडते. उतारावर त्याहून वाईट: त्याच गिअरमध्ये इंजिनची गाडी रोखून धरण्याची ताकद सात टक्क्यांनी कमी, आणि ब्रेकवर तेवढाच पाय दाबून मिळणारी पकडही तेवढीच कमी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मोठ्या टायरच्या गाडीने एक गिअर खाली घेऊनच यावे.

आता पुढची बाजू. स्वतंत्र सस्पेन्शनच्या (पुढची दोन्ही चाके वेगवेगळी वरखाली होणाऱ्या) गाड्यांत ४० ते ५० मिमी लिफ्ट ही मूळ वरच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या वरच्या भुजेवर) चालणारी मर्यादा समजावी. स्वस्तातला उपाय म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसवायचा स्पेसर, म्हणजे जाड चकती. इथे अनेक जण फसतात. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर धरलेला असतो, म्हणून २५ मिमी जाड स्पेसरने चाकापाशी ४५ ते ५० मिमी उंची वाढते. ‘दोन इंच हवे’ म्हणून दोन इंची स्पेसर घातला तर लिफ्ट चार इंचांच्या जवळ जाते. मग चाक लोंबकळले की वरचा आर्म स्प्रिंगवर आपटतो. अशी गाडी जॅकवर घेऊन टॉर्चने पाहा: स्प्रिंगच्या वेटोळ्यावर रंग उडून चकाकणारा डाग दिसेल. गतिरोधकावरून उतरताना येणारा ‘टक्’ आवाज तोच. त्याच वेळी चाकाकडच्या शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट जास्त वाकून फिरतो, त्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, घडीवर चिरतो, ग्रीस उडते, पाणी-माती आत जाते आणि जॉइंट वाजू लागतो. म्हणून खर्च जास्त असला तरी स्प्रिंग आणि त्याला जुळणारा शॉकअप असा जोड घ्यावा. ५० मिमीच्या पुढे जायचेच असेल तर वरचे आर्म बदलणे टाळता येत नाही.

पुढची उंची बदलली की अलाइनमेंट बिघडतेच. बऱ्याच ठिकाणी फक्त टो (चाके पुढून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवून गाडी परत देतात. उंची वाढल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागचा झुकाव) कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटते. कामाआधीची आणि नंतरची छापील पट्टी मागून घ्या आणि कॅस्टरचा आकडा त्यात आहे का ते बघा. ५०० किमी चालून स्प्रिंग बसली की अलाइनमेंट पुन्हा करावी.

हेडलाइटचा विचार कोणीच करत नाही. फक्त पुढून ५० मिमी उचलून गाडी ‘लेव्हल’ केली, तर साधारण ३.१ मीटर व्हीलबेसवर प्रकाश दर १० मीटरला १६ सेंमी वर जातो. डिपर (खालचा झोत) मुळात १० मीटरला १० सेंमीच्या आसपास खाली झुकवलेला असतो. म्हणजे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत. हौद्यात माल भरल्यावर नाक आणखी वर. लिफ्टनंतर सपाट जागेत, भिंतीसमोर लाइट पुन्हा सेट केलेच पाहिजेत.

मागे कमानपाटे. लांब शॅकलने (कमानीचे टोक चासीला टांगणाऱ्या पट्टीने) मिळणारी उंची त्याच्या वाढीव लांबीच्या निम्मी असते: २५ मिमी उचलायचे तर शॅकल ५० मिमी लांब हवा. एक्सल आणि कमानीमधला ठोकळा मागे चालतो, पण पुढे पाट्यांची कमान असलेल्या गाडीत पुढच्या एक्सलवर तो कधीही घालू नये आणि एकावर एक तर कुठेच नाही. ठोकळा घातला की यू-बोल्ट (कमान एक्सलला आवळणारे) नवेच घ्या. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. ५०० किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. ढिला राहिला तर पाट्यांमधला मधला बोल्ट कातरतो आणि एक्सल सरकतो. निघताना घरघर जाणवली तर प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या लांब दांड्याच्या) सेंटर बेअरिंगचा कोन तपासा.

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर हौद्यातल्या वजनानुसार ठरवणारा झडप-दांडा चासी आणि एक्सलमध्ये असतो. मागची उंची वाढली की त्याला गाडी कायमच रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी देतो. त्याचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा लागतो. दहा मिनिटांचे काम, पण नेमके तेच विसरले जाते. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबकळवून तपासायची, गाडी जमिनीवर असताना नव्हे.

मार्केट यार्डात माल आणणारे चालक वेगळ्या कारणाने पाटे वाढवतात. त्यांना एवढेच सांगणे: पाटा वाढला म्हणून गाडीची मान्य वजनक्षमता वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात. रिकाम्या फेरीत ताठ कमानीवर मागची चाके उड्या मारतात आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताच लॉक होतात.

टायर घेताना भिंतीवरचा भारांक पाहा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो; मूळपेक्षा कमी चालणार नाही. ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेल्या टायरला त्याच वजनासाठी जास्त हवा लागते, दाराच्या खांबावरचा हवेचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. आठवडाभर शहरात आणि कधीतरी चिखलात जाणाऱ्याला ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचा टायर) पुरे. मड-टेरेन (खास चिखलासाठीचा टायर) ओल्या डांबरावर कमी धरतो, गुणगुणतो आणि जड असतो. टायर घासतो की नाही हे दुकानात फक्त स्टिअरिंग फिरवून कळत नाही. एक पुढचे चाक रॅम्पवर चढवून दाबलेल्या स्थितीत दोन्हीकडे पूर्ण वळवा. मडगार्डचे अस्तर, मडफ्लॅप आणि चासी या तिन्ही जागा बघा. बाहेर काढलेल्या रिमने दिसते छान, पण घासण्याची जागा फक्त बदलते आणि बेअरिंगवर ताण येतो.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. कलम १८२ अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या अर्जात टायरच्या मापाचा रकानाच असतो. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजवाल्याचे उत्तर आरटीओत चालत नाही. आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो.

आणि स्टेपनी. चार टायर मोठे आणि पाचवा जुना, असे ठेवून फोर-व्हील लावली तर चाके वेगवेगळ्या गतीने फिरून गिअर आणि शाफ्टवर पीळ पडतो. पाचवाही त्याच मापाचा घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी तो हौद्याखालच्या जागेत मावतो का, हे दुकानातच साखळीला लावून बघा.

आपला,
एक सस्पेन्शन मेकॅनिक, भोसरी, पुणे