बायकांसाठीही तालमीचा एक तास काढा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत व्यायामावर बरंच काही येतं, चालायला जा, प्राणायाम करा, पोट कमी करा, ते सगळं चांगलंच आहे आणि मी आवडीनं वाचतेपण, पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी वजन उचलावं असं कुठंच दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. माझं वय 58. इथं कोल्हापुरात रंकाळा तलावाला चक्कर मारणं वर्षानुवर्षं चालू आहे. पण नुसतं चालून भागत नाही हे मला गेल्या काही महिन्यांत कळलं, आणि मागच्या आठवड्यात तर अगदी डोळ्यानं बघितलं.

आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणी मिळून आम्ही एका घराच्या गच्चीवर व्यायाम करतो. शिकवणारी पोरगी बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली आहे, आम्हाला काकी काकी म्हणते पण सूट अजिबात देत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनाचा व्यायाम आणि मधल्या दिवशी चालणं, कारण अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं आणि स्नायूंना तेवढी उसंत द्यावीच लागते.

सोमवारी तिनं खुर्चीवरची उठबस घेतली. हात छातीवर घडी घालून ठेवायचे, कशाला धरायचं नाही, आणि 30 सेकंद उठायचं-बसायचं. डॉक्टर लोक हीच चाचणी वापरतात म्हणे, साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला 30 सेकंदात 12 वेळा तरी जमलं पाहिजे, त्याच्या खाली असेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात. मला आता ते दम न लागता जमतं. सुरुवातीला गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठताच येत नव्हतं हो.

बुधवारी वजन वाढवलं. इतके दिवस आम्ही तेलाचे पाच लिटरचे कॅन पाण्यानं भरून उचलत होतो, या वेळी वाळू भरलेली 10 किलोची पिशवी जमिनीवरनं उचलायची होती. त्याची एक पद्धत आहे ती सांगते कारण घरात रोज उपयोगी पडते. मागं भिंत आहे आणि तिला बूड टेकवायचंय असं समजून मागं सरकायचं, गुडघे थोडे सैल, पाठ सरळ, पिशवी पायाला अगदी लागून ठेवायची आणि उचलताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. ज्यांना बीपी आहे त्यांनी तर श्वास रोखायचाच नाही आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ 30 किलोचा असतो, तो आपण बायका आयुष्यभर कमरेत वाकून ओढतो, कळशा उचलतो, नातवंडं उचलतो, आणि कसं उचलायचं हे मात्र आपल्याला कधी कुणी शिकवलेलं नसतं.

पण खरं बघण्यासारखं झालं ते शुक्रवारी. आमच्यात एक वहिनी आहेत, साठीच्या पुढच्या. कुठं पूजा असो, हळदीकुंकू असो, त्या खाली बसायच्याच नाहीत, आधी खुर्ची मागायच्या, कारण खाली बसलं की उठवायला दोघी लागायच्या. शुक्रवारी त्या सतरंजीवर बसल्या, एका कुशीवर झाल्या, मग एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढं घेतला, स्वतःच्याच मांडीवर हात दाबला आणि उठून उभ्या राहिल्या. कुणाचा हात नाही, भिंत नाही. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो आणि त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

वजनकाट्यावर मात्र माझं वजन जवळपास तेवढंच आहे, 62 किलो. घरचे विचारतात एवढं करून किती कमी झालं. मला हा प्रश्नच पटत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगानं, आणि पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. हाडांना भार दिला तर ती टिकतात. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला 150 मिनिटांच्या चालण्याबरोबर निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, पण आपण चालण्याचं तेवढं धरून बसलोय. खाण्याचंही तेच. शरीराच्या दर किलोमागं रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं असं आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं म्हणणं आहे, म्हणजे मला 50 ग्रॅमच्या वर हवं आणि एका अंड्यात असतं साधारण 6 ग्रॅम. कोल्हापुरात रविवारी घरोघरी मटण शिजतं पण वाढणाऱ्या बाईच्या ताटात शेवटी रस्साच जास्त येतो, हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. बागेतली ओपन जिमची मशिनं चांगली आहेत, मी वापरते, पण बहुतेक मशिनांवर आपल्याच अंगाचा भार असतो, तो वाढवता येत नाही, आणि भार वाढला नाही की ताकद एका जागी थांबते. भार टप्प्याटप्प्यानं कसा वाढवायचा ही विद्या आपल्या गावात कधीपासून आहे! जोर, बैठका, फिरवायचे जड लाकडी मुदगल आणि करेल, उचलायची दगडी नाल, हे सगळं तालमीत आहे आणि नवख्याला काय द्यायचं, कधी द्यायचं हे वस्तादांना चांगलं माहीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, पैलवान खाशाबा जाधव याच गावात शिकले-घडले आणि 1952 ला हेलसिंकीहून पदक घेऊन आले. मुरगूडसारख्या ठिकाणी तर आता पोरीसुद्धा मॅटवर उतरतायत. मग त्यांच्या आयांनी, आज्यांनी ताकद कमवायला कुठं जायचं? खासगी जिमची फी सगळ्यांना परवडत नाही आणि तिथं पोरांच्या गर्दीत मोठ्या आवाजातल्या गाण्यांत आमच्या वयाच्या बायका जातही नाहीत.

पैलवानांचा सराव पहाटे आणि संध्याकाळी असतो. मधल्या वेळात जागा मोकळी असते. माझी सगळ्या तालीम मंडळांच्या कारभाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की सकाळी दहा ते अकरा, डबे वगैरे उरकलेले असतात तेव्हा, आठवड्यातनं दोन दिवस बायकांना जागा द्या. आखाड्याच्या मातीचे तुमचे काही नियम असतील ते राहू देत, बाजूचा हॉल दिला तरी पुरे आहे, फक्त एखाद्या जुन्या वस्तादांनी महिन्यातनं एकदा येऊन बघावं आणि काय चुकतंय ते सांगावं.

संपादक साहेब, हे पत्र छापाल तर तालमीवाल्यांपर्यंत पोचेल. कुणी तयारी दाखवली तर आमची ट्रेनर पोरगी यायला तयार आहे, सतरंज्या आणि वाळूच्या पिशव्या आम्ही आमच्या घेऊन येऊ.

आपली एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर