मिरजेशिवाय कोल्हापूरची रेल्वे सांगता येत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर स्थानकाच्या इतिहासावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. १८९१ साली संस्थानाने स्वतःच्या पैशाने कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू केली, तेव्हा शाहू महाराजांच्या हाती कारभार यायला अजून तीन वर्षे होती, हे त्यात नेमके आले आहे. मिरजेची बोळवण मात्र एका ओळीत झाली: ‘तिथून पुढच्या गाड्या मिळत.’ मिरजेचे मोठेपण कबूल करणे आम्हा कोल्हापूरकरांना जरा जडच जाते म्हणा! पण आपल्या स्टेशनात रूळ संपतात. रुकडीला पंचगंगा आणि जयसिंगपूरच्या पुढे कृष्णा ओलांडून मिरज गाठल्याशिवाय आपल्या गुळाला ना पुणे होते ना गोवा.

पुण्याहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली) लाइन मिरजेवरून गेली आणि पटवर्धनांचे हे छोटे संस्थानी गाव जंक्शन झाले. सांगली त्या मुख्य मार्गावर नव्हतीच. तिच्यासाठी १९०७ साली मिरजेहून फाटा टाकावा लागला. (सांगलीकरांनी रागावू नये.) मग १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट ही छोटी रेल्वे आली, अडीच फुटी रुळांवरून. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉड गेज (रुंद मापाचे) झाले, पण बेळगावची बाजू नव्वदच्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिली. म्हणजे वीसेक वर्षे एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ नांदत होते.

याचा अर्थ ज्यांनी पाहिला त्यांनाच कळेल. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळांवर जाऊच शकत नाही. त्यामुळे मिरजेत आलेला माल एका वाघिणीतून उतरायचा आणि हमालांच्या पाठीवरून दुसरीत चढायचा. गुळाचा रवा असो की शेंगांचे पोते, कुणाचीच सुटका नव्हती. आम्ही पोरे मामाकडे बेळगावला जाताना मिरजेत उतरायचो आणि वडील एका हातात ट्रंक, दुसऱ्यात धाकट्याचे मनगट धरून मीटर गेजच्या फलाटाकडे पळत सुटायचे. बार्शी लाइटचे डबे तर इतके अरुंद, की दोघे दारात उभे राहिले तर तिसऱ्याने आत कसे शिरायचे हा प्रश्नच. आषाढीला मात्र सगळे मावत. कसे, ते पांडुरंगाला ठाऊक.

गावाची घडणही याच रुळांवर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे इस्पितळ उभे केले आणि पुढे कोकण, कर्नाटक, गोवा इथून रोगी येत राहिले. इस्पितळ चांगले होते हे खरेच, पण दारात गाडी होती हेही खरे.

आणि एप्रिल २०१६. लातूरला पाणी नेणारी पहिली रेल्वे मिरजेतूनच सुटली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. जुन्या बार्शी लाइटचा तो मार्ग तोवर ब्रॉड गेज झालेला होता. अडीच फुटी रूळच असते, तर या ब्रॉड गेज वाघिणी मिरजेच्या पुढे लातूरकडे जाऊच शकल्या नसत्या.

आपल्या पुरवणीने आता मिरजेवर स्वतंत्र लेख करावा, ही विनंती. गेज कधी बदलले याच्या तारखा रेल्वेच्या दप्तरात मिळतील. पण रात्रपाळीत मीटर गेजवरून ब्रॉड गेजवर माल कसा चढवत, मुकादम मजुरी कशी वाटत, हे दप्तरात नसते. ते सांगणारे जुने हमाल आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) आता ऐंशीच्या घरात असतील. आपल्या मिरज वार्ताहराने एवढ्या आठ-पंधरा दिवसांतच त्यांना गाठावे. जमल्यास बोलणे रेकॉर्डही करून ठेवावे.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर