फोन तुमच्याच हातात

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, पण हे लिहूनच सांगायचं होतं.

परवा बाबा बोलता बोलता सहज म्हणाले, 'आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज आला होता, आणि त्यातल्या नंबरवरच्या माणसाने एक ॲप घ्यायला सांगितलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली म्हणून ते राहिलं. ते ॲप आलं असतं तर तुमची सगळी स्क्रीन त्याला तिकडे दिसली असती, ओटीपीसकट. पण बाबा, मला रात्रभर झोप लागली नाही ती तुमच्या पुढच्या वाक्याने. "माणूस बोलायला चांगला होता गं. म्हणाला, काका, सावकाश करा, मी आहे लाइनवर."

सावकाश करा, असं मी तुम्हाला कधी म्हटलंय?

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तुम्ही बँकेत गेलात. यंत्रावर अंगठा उमटेना, म्हणून तीनदा बोटं पुसायला लावली आणि शेवटी 'उद्या या' म्हणून परत पाठवलं. घरी मी तुमच्या हातातून फोन घेतला, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप टाकली, कॅमेरा तुमच्या चेहऱ्यासमोर धरला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, आणि दाखला झाला. तुम्ही म्हणालात, "कसं केलंस, मलाही दाखव ना." मी म्हणाले, "झालं ना आता!" तुम्ही चष्मा पुसत गॅलरीत जाऊन बसलात. त्यानंतर तुम्ही मला फोनबद्दल काही विचारलेलं मला आठवत नाही.

वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. फोनच्या काचेला बोट कळतं ते त्यातून जाणाऱ्या अगदी बारीक विद्युतभारामुळे, आणि कोरडं बोट तिला नीट कळत नाही. मग माणूस जोर लावून, जरा जास्त वेळ दाबतो. फोनला वाटतं, बोट धरून ठेवलंय, आणि तो भलतंच काहीतरी उघडतो. म्हणजे बाबा, चूक तुमची नव्हतीच, आणि मी मात्र दर वेळी "अहो, हळू दाबा" म्हणून ओरडत होते. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' आहे, तो वाढवला की फोन थोडा वेळ जास्त थांबतो.

आणि आई, तुझी ती वही. 'हिरवं चित्र, मग खाली उजवीकडे, मग नाव.' अपडेटनंतर बटणं इकडची तिकडे झाली आणि तुला वाटलं, आपल्या लक्षातच राहत नाही. तुझ्या सगळं लक्षात होतं. बटण त्यांनी हलवलं. वही सोडू नकोस, फक्त पेन्सिलीने लिही, म्हणजे खोडता येईल. त्याच वहीतून बघून तू वनाजहून मंडईचं मेट्रोचं तिकीट मोबाइलवर काढलंस, सिव्हिल कोर्टला गाडी बदललीस, आणि परत येऊन मला फोन केलास. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

वहीच्या पहिल्या पानावर एवढं मोठ्या अक्षरात लिहा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी पोलिसाच्या वेशात 'तुम्हाला अटक झालीय' म्हणाला तर फोन ठेवून द्या, अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते मधेच अडवता येण्याची आशा जास्त. मग मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. "असं कसं केलंत?" हा प्रश्न मी विचारणार नाही. माझ्या रागाला भिऊन तुम्ही काही लपवलंत, तर तो गोड बोलणारा माणूस तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचा होईल, आणि ते मला सहन होणार नाही.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी व्हिडिओ कॉल करते. बाबा, तो विजेचा मेसेज पुसू नका. तो नंबर ब्लॉक तुम्हीच करायचा, मी इकडून नुसतं सांगेन, आणि घाई करणार नाही. या नोव्हेंबरचा दाखलाही तुम्हीच काढा, मी दिवाळीला येते तेव्हा शेजारी बसेन.

आई, तेवढी वही कॉलच्या वेळी हाताशी ठेव.

तुमची लेक